बगळीच्या बॉनेटखाली

"अडीच," पांड्या म्हणाला. "त्याच्यावर एक रुपया जरी कोणी दिला ना, तर माझं नाव बदला."

"तुझं नाव आधीच बदललेलं आहे," नविन म्हणाला. "आईने प्रदीप ठेवलं होतं."

गुरुवारची सकाळ होती. नविनच्या थोरल्या भावाच्या, काशीनाथच्या गेटबाहेर बगळी धुवून उभी होती. पांढरी, सात सीटांची, लांब नाकाची, अकरा वर्षांची गाडी. नाव मुक्तावहिनीने ठेवलेलं. येत्या रविवारी ती तलासरीच्या पुढे हायवेवर, जुन्या गाड्यांच्या यार्डात द्यायची होती आणि तिच्या बदल्यात काशीनाथच्या सुनेसाठी, लतिकासाठी, ऑटोमॅटिक घ्यायची होती. गल्लीला चार दिवस दुसरा विषय नव्हता.

"तीन," नविन म्हणाला. "तीन लाख, नाहीतर जास्त."

"कशाच्या जोरावर?"

"माझ्या तोंडाच्या."

पांड्या हसला. तो बर्फाचा टेम्पो चालवायचा. पहाटे चारला टेम्पो गल्लीतून मागे घ्यायचा तेव्हा त्याचा रिव्हर्स हॉर्न सगळ्या गल्लीला उठवायचा. आधी टीं-टीं-टीं, मग एक बाई हिंदीत सांगायची की गाडी पिछे आ रही है. नविनने त्या बाईला आजवर काय काय शिव्या दिल्या होत्या ते लिहिण्यासारखं नाही. म्हणून पैजेची अट त्यानेच काढली: जो हरेल त्याने स्टेशनाबाहेरच्या रिक्षा स्टँडपासून इथल्या गेटापर्यंत उलटं चालत यायचं आणि तोंडाने रिव्हर्स हॉर्न वाजवायचा. बाईसकट.

"भर संध्याकाळी," पांड्या म्हणाला.

"भर संध्याकाळी."

टाळी पडली. नविनला वाटलं, पैज आपण जिंकलीच. बावन्न वर्षांचा माणूस, तीस वर्षं डहाणू रोडला रिक्षा लावतो, त्याला एक गाडी विकता येणार नाही? आणि इथेच त्याने माती खाल्ली.

शुक्रवारी दुपारी काशीनाथ झोपला असताना तो पुतण्याला, यतीनला, घेऊन बगळीपाशी आला आणि बॉनेट उघडलं.

"हे बघ. हे बघून कोण तीन देईल?"

बॉनेटच्या आतल्या पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगाच्या ओळीच ओळी होत्या. काशीनाथने चौतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात मालगाडीचे डबे रंगवले होते. डबा दुरुस्त होऊन निघाला की त्याच्या अंगावर तारीख मारायची, काय केलं ते मारायचं, पुन्हा कधी यायचं ते मारायचं. निवृत्त झाल्यावर पत्र्याचे साचे घरी आले आणि बगळीची सेवा सुरू झाली. दर वेळी तेल बदललं की एक ओळ. तारीख, किलोमीटर, काम. ओळी अशा सरळ, की गाडी नसून गुड्स ट्रेनचा डबा वाटावा.

"बाबांना विचारूया," यतीन म्हणाला.

"आणि ते हो म्हणतील? अरे, गिऱ्हाईकाला वाटेल भंगारातून उचलली. पांढरा फवारा मार दोनदा, झालं. लतिकाला गाडी हवी ना?"

रंगाचा डबा नविनच्याच पिशवीत होता. यतीनने हातात घेतला. सदतीस वर्षांचा झाला तरी काकाच्या पिशवीतून निघालेल्या गोष्टीला नाही म्हणायला तो शिकला नव्हता.

* * *

रविवारी दुपारी एकला ते निघाले. यतीन चालवत होता, काशीनाथ त्याच्या शेजारी, मागे लतिका डावा पाय सीटवर लांब करून, आणि तिच्या मागे नविन. चारोटीला हायवेला लागले तसा नविनने वर्ग सुरू केला.

"ऐका. आधी बगळीचा भाव. तो पक्का होईपर्यंत त्या दुसऱ्या गाडीकडे कोणी बघायचं पण नाही. ते लोक इकडचे वीस वाढवतात, तिकडचे तीस काढतात, आणि आपण खूश होऊन घरी. दोन गाड्या, दोन सौदे. लतिका, तू तर बिलकुल बघू नको. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं."

"काय दिसतं?"

"की तुला हवीय म्हणून."

लतिका खिडकीबाहेर बघत राहिली. हवीच होती. गेल्या पावसाळ्यात शाळेच्या पायरीवरून पडून तिचा घोटा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, क्लच विसरा. वेवजीची शाळा, पहिलीचा वर्ग तिचा. वर्षभर कधी यतीनची बाईक, कधी वडाप जीप, दोनदा उतरा, दोनदा चढा, लोंबकळत उभं राहा. पाय संध्याकाळी भोपळ्यासारखा सुजायचा. साहेबांनी गोड बोलून सुचवलं होतं, मॅडम, ऑफिसात बसा, फायली बघा. जूनमध्ये काय ते सांगायचं होतं.

आणि हिशोब चिमटीत धरण्याएवढा सोपा होता. त्या ऑटोमॅटिकचे सहा लाख दहा हजार. पतपेढीचं कर्ज सव्वातीन, त्यापुढे एक रुपया नाही. म्हणजे बगळीचे दोन पंच्याऐंशी यायलाच हवेत.

"यार्डवाला फोनवर तीन-दहापर्यंत बोललाय," काशीनाथ म्हणाला. "गाडी बघितली की नाही म्हणायचा नाही. सगळं लिहिलेलंच आहे."

पुढे यतीनची मान ताठ झाली. मागे नविनने ताडगोळेवाल्याकडे बघायला सुरुवात केली.

* * *

यार्डाचा मालक तुषार तिशीतला, कानात ब्लूटूथ, अर्धं बोलणं मराठीत, अर्धं गुजरातीत. "आवो काका, आवो मॅडम, पाणी घ्या." कोपऱ्यात ती लाल ऑटोमॅटिक उभी होती. कोणीही तिच्याकडे बघितलं नाही. चौघंही इतक्या जोराने बघत नव्हते, की तुषार मनातल्या मनात हसला असणार.

"त्या लालला उंबरगावची पार्टी चार वाजता येतेय," तो सहज म्हणाला. "आधी तुमची बघून घेऊ. हाल्या!"

हाल्या म्हणजे पन्नाशीचा काळासावळा मिस्त्री, विडी कानाला, हातात रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र. त्याने टायर दाबले, इंजिन चालू करून कान लावला. काशीनाथच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, कारण इंजिन असं चालत होतं जसं कोणी चादरीत गुंडाळून ठेवलंय. मग हाल्याने बॉनेट वर केलं. आणि तिथेच थांबला.

त्याने नखाने एक बोल्ट खरवडला. रबराच्या काळ्या पट्टीवर बोट फिरवलं. बोटाला पांढरं.

"शेठ. जरा इकडे."

तुषार आला. दोघांनी डोकी आत घातली. नविन दूर उभा होता, पण त्या दोन पाठी बघूनच तो दोन पावलं मागे सरकला. तीस वर्षांत त्याने पोलिसांच्या पाठी बघितल्या होत्या, त्या अशाच असायच्या.

"काका," तुषार बाहेर येऊन म्हणाला. आवाजातला गोडवा तेवढाच होता, नुसता गार झालेला. "फोनवर बोललात, पुढून धडक नाही."

"नाहीच आहे."

"मग आतून रंग कशाला? बोल्टावर फवारा, रबरावर फवारा. कंपनी असं करते? आणि मीटर एकाहत्तर हजार. अकरा वर्षांत? बॉर्डरवरची सात सीटर गाडी, काका. मीटर मागे घेतलाय हे मी झोपेत पण सांगेन."

"काय बोलतोयस तू?"

"मी काय बोलू? गाडी बोलते. एक पंच्याऐंशी. ते पण तुम्ही वयाने मोठे म्हणून."

काशीनाथ सावकाश चालत बॉनेटपाशी गेला. नविनला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने नुसता हात वर करून त्या पांढऱ्या पत्र्यावर ठेवला, जिथे ओळी असायच्या तिथे, आणि चाचपडला. एखाद्याचा चष्मा हरवला की करतो तसं.

"कोणी केलं?"

हायवेवर एक ट्रक हॉर्न देत गेला. त्याच्या मागून दुसरा.

यतीनने एकदा, फक्त एकदा, नविनकडे बघितलं. मग खाली.

"तू?" काशीनाथ म्हणाला.

यतीनने खालीच बघत मान हलवली.

"अठराव्या वर्षी माझी सायकल विकलीस मला न विचारता. आज हे. तुला बापाच्या हातचं काही नको का रे घरात?"

"बाबा, मी..."

"आणि दरवाजा?" ही लतिका. ती एका टायरवर बसली होती, उठलीही नाही. "तेव्हा पण असंच. अच्छाडला दरवाजा ठोकून आलास, दोन दिवस बोलला नाहीस. एकदा तरी आधी विचारून करशील यतीन? एकदा? एक पंच्याऐंशीत काय येणार आता? मी जाते फायली बघायला."

शेवटचं वाक्य तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं, की हाल्याने कानावरची विडी काढून उगाच हातात धरली.

एरवी घरात भांडण लागलं की बाजू ठरलेल्या. लतिका आणि यतीन एकीकडे, दादा दुसरीकडे, आणि नविन मध्ये बसून दोन्हीकडे काडी टाकणार. आज बघता बघता सून सासऱ्याच्या बाजूला गेली होती, आणि यतीन भर उन्हात एकटा उभा. तरी तो काकाचं नाव घेत नव्हता. अच्छाडच्या वेळीही घेतलं नव्हतं. कारण त्या दिवशी स्टिअरिंगवर नविन होता. दादाची सक्त ताकीद होती की नविनने बगळीला हात लावायचा नाही, आणि त्याने लावला होता, आणि एका ट्रकने डावा मागचा दरवाजा सोलून नेला होता. "सांगू नको रे दादाला," नविन म्हणाला होता. पोराने चार वर्षं नाही सांगितलं. बायकोच्या शिव्या खाल्ल्या, पण नाही सांगितलं.

नविनला एक विनोद सुचला. तो त्याने गिळला. असं त्याच्या आयुष्यात फार क्वचित झालं होतं.

"डबा माझा होता," तो म्हणाला.

"काय?"

"रंगाचा. मी आणला, मी सांगितलं. पैजेसाठी. पांड्याशी तीन लाखांची पैज लावली, म्हटलं तुझ्या ओळी दिसल्या तर भाव पडेल. यतीन म्हणत होता तुला विचारूया. मीच नको म्हटलं."

काशीनाथने त्याच्याकडे बघितलं.

"पैजेसाठी."

"हो."

"कधी मारला?"

"शुक्रवारी. दुपारी."

काशीनाथच्या तोंडावरचं काहीतरी हललं. राग होताच, पण रागाच्या मागून वर्कशॉपातला माणूस उभा राहिला. "फवाऱ्याचा डबा? ब्रश नाही?"

"फवाऱ्याचा."

"दोन दिवस झाले." तो हाल्याकडे वळला. "थिनर आहे?"

"आहे ना."

"थोडा दे. आणि फडकं, मऊ." मग नविनकडे. "ये. पूस. जोर नाही लावायचा. तुझा रंग दोन दिवसांचा, कच्चा. माझा भट्टीत ठेवल्यासारखा सुकलाय. तुझा निघेल, माझा राहील. माझा निघाला ना नव्या, तर घरी चालत ये."

सव्वातीन झाले होते. नविनने शर्टाच्या बाह्या वर केल्या, बॉनेटखाली डोकं घातलं आणि पुसायला लागला. आधी नुसता पांढरा चिखल झाला. थिनरने डोळ्यांतून पाणी आलं. मग फडक्याखालून एक काळा आकडा वर आला, जसा पाण्यातून मासा येतो.

"वाच," काशीनाथ मागून म्हणाला.

"बारा तीन पंधरा. नऊ हजार आठशे चाळीस. ऑईल, फिल्टर."

"पुढे."

नविन पुसत गेला, वाचत गेला. पट्टा बदलला. क्लच प्लेट. चार टायर नवे. पाणी पंप. तुषार आधी लांबून ऐकत होता, मग जवळ आला, मग मोबाईलचा टॉर्च लावून आतच शिरला. वरच्या ओळी फिकट पडल्या होत्या, बारीक तडे गेले होते. खालच्या खालच्या जास्त काळ्या. अकरा वर्षांत एका हाताने एकेक करून लिहिलेल्या. असं एका रात्रीत कोणी करू शकत नाही, हे हाल्याला कळलं आणि त्याने मान डोलावली.

"एकोणसत्तर हजार सहाशे. ब्रेक पॅड," नविनने वाचलं. "ही जानेवारीतली."

"मीटर बरोबर आहे, शेठ," हाल्या म्हणाला. "पुढचा पत्रा पण ओरिजनल. मी घाई केली."

तुषारने कॅल्क्युलेटर काढला, पुन्हा खिशात ठेवला. "काका, सॉरी. असं पुस्तक मला कोणी दाखवलं नव्हतं. तीन पाच देतो."

तीन लाख पाच हजार. लतिका टायरवरून उठली. यतीनने पहिल्यांदा मान वर केली. आणि नविनच्या डोळ्यांसमोर पांड्या उलटा चालायला लागला, बाईसकट.

एक कोपरा राहिला होता. उजव्या बाजूला खाली, चार बोटांचा पांढरा ठिपका. पुसणाऱ्याचं काम अर्धवट राहू नये म्हणून नविनने तिथे फडकं फिरवलं आणि एक वेगळी ओळ वर आली. बाकीच्यांपेक्षा लहान साच्याने मारलेली, शुक्रवारी वाचायची राहून गेलेली.

डा. मा. दरवाजा नवा. अच्छाड. चालक नविन.

त्याने फडकं त्या ओळीवर तसंच दाबून धरलं.

बॉनेटखाली तो एकटा होता. तुषार बाहेर निघून पाणी पीत होता. हाल्या बॉनेटपाशीच अडकल्यामुळे दरवाजे त्याने वरवरच बघितले होते. फडकं बाजूला केलं की दहा-पंधरा हजार जाणार. नाही केलं तर पैज, तीन पाच, सगळं खिशात. हाताखाली ओळ होती आणि पाठीमागे दादा होता. आणि दादाला चार वर्षं माहीत होतं. लाहू गॅरेजवाल्याने सांगितलं असणार. चार वर्षं हा माणूस रोज समोर बसून चहा प्यायला, एक शब्द बोलला नाही. नुसतं लिहून ठेवलं.

नविनने मागे वळून बघितलं. काशीनाथ त्याच्याकडेच बघत होता. कुठला कोपरा राहिलाय हे त्याला पाठ होतं. "पूस" म्हणाला नाही. नुसता उभा होता.

"अजून एक आहे," नविन मोठ्याने म्हणाला. "तुषारशेठ, ऐका. डावा मागचा दरवाजा नवा. अच्छाड. चालक नविन."

तुषारने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तू?" लतिका म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "तू नव्हतास?"

यतीनने खांदे उडवले. "काका म्हणाला नको सांगू."

"आणि चार वर्षं मी तुला..." तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि हात तिथेच राहू दिला.

"तू कधीच का नाही बोललास मला?" नविनने भावाला विचारलं.

"तू कधी सांगतोस बघत होतो," काशीनाथ म्हणाला. "गाडीच्या अंगावर खोटं लिहीत नाही मी. बाकी तुझं तू."

हाल्याने तोपर्यंत दरवाजा तपासला होता. काम चांगलं होतं, लाहूचं होतं, पण दरवाजा बदललेला तो बदललेलाच. तुषारने मान हलवली. "पंधरा जातील, काका. दोन नव्वद. त्याच्या खाली नाही, वर पण नाही."

दोन नव्वद. लतिकाने डोळे मिटले. ओठ हलले. हवे होते त्यापेक्षा पाच हजार जास्त.

"दे हात," काशीनाथ तुषारला म्हणाला.

तुषारने नविनला बाजूला घेतलं. सगळं ऐकलं होतं त्याने. "काका, पैज आहे ना तुमची? कागदावर जुनीचे तीन लिहितो, लालचे दहा वाढवतो. मॅडमना तेवढेच पडतील. तुमची पण राहील."

नविनने लाल गाडीकडे बघितलं. आता बघायला हरकत नव्हती. लतिका आत बसून बघत होती, डावा पाय लांब पसरलेला, काही दाबायची गरज नसलेला.

"नको," तो म्हणाला. "पांड्याला वाचता येत नाही, पण माझ्या तोंडावर सगळं दिसतं."

* * *

संध्याकाळी सव्वासहा. डहाणू रोड स्टेशनाबाहेर लोकल नुकतीच येऊन गेलेली, भाजीवाल्या, रिक्षा, लोकांचा पूर. लाल ऑटोमॅटिक स्टँडपाशी थांबली. लतिका व्हीलवर, काशीनाथ शेजारी, मागे यतीन. नविन उतरला.

पांड्या स्टुलावर बसून होता. त्याच्याबरोबर अर्धा स्टँड.

"किती?"

"दोन नव्वद."

"अडीचच्या वर गेलं, म्हणजे मी पण चुकलो," पांड्या उदार होऊन म्हणाला. "पण तीन नाही."

"तीन नाही."

नविन लाल गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. तोंड गाडीकडे, पाठ रस्त्याकडे. एक पाऊल मागे टाकलं.

"टीं. टीं. टीं."

"ऐकू नाही आलं!" कोणीतरी ओरडलं.

"टीं! टीं! टीं! सावधान! गाडी पिछे आ रही है!"

"बाईचा आवाज!" पांड्या स्टुलावर उभा राहिला. "बाईसकट ठरलं होतं!"

नविनने आवाज बारीक केला. मासळीवाल्या हातातला बर्फ टाकून बघायला लागल्या. लतिका गाडी मुंगीच्या पावलाने पुढे घेत होती, फक्त उजवा पाय वापरत, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नविनला तेवढंच दिसत होतं, कारण उलटं चालणाऱ्याला आपण कुठे चाललो ते दिसत नाही, मागे राहिलेलं दिसतं.

चौकात त्याची टाच खड्ड्यात गेली, तोल गेला, आणि मागून एका हाताने त्याला सावरलं. यतीन होता. गाडीतून कधी उतरला कळलं नाही. तोही उलटा उभा राहिला, काकाच्या बाजूला.

"तुझी पैज नाही," नविन म्हणाला.

"डबा मी दाबला होता," यतीन म्हणाला, आणि लाल होत सुरुवात केली. "टीं. टीं."

गल्लीच्या तोंडाशी मुक्तावहिनी आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिला वाटलं दीर आणि पोरगा दोघांनाही ऊन लागलं. काशीनाथने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"आवाज वाढव, नव्या! पहिली ओळ लिहायचीय मला या गाडीवर. तारीख, किलोमीटर, आणि हॉर्न कोणाचा ते."

"सावधान!" नविन गेटाला पाठ लागेपर्यंत ओरडत राहिला. "गाडी पिछे आ रही है!"